अकरा मिनिटांचा भाग

घर कोणत्या भागात घ्यावं हे सांगायला या शहरात कुणालाच लाज वाटत नाही. ज्यांना आयुष्यात स्वतःसाठी एक छत्री धड निवडता आली नाही, तीही माणसं मला भाग निवडून देत होती. टेकडीकडे घ्या, हवा चांगली आहे. नदीकाठी घ्या, भाव वाढणार आहेत. नव्या रस्त्याला घ्या, तिकडे मोठमोठे लोक राहायला आलेत. त्या मोठमोठ्या लोकांचं मी काय लोणचं घालू?

आमच्या घरमालकाला त्याचं घर मुलासाठी हवं होतं. त्याने दोन महिन्यांची मुदत दिली होती आणि रोज जिन्यात गाठून "मिळालं का?" असं विचारत होता. घरात आम्ही तिघं. मी, माझा नवरा आणि सासरे, ज्यांना मी बाबा म्हणते. नवरा चष्म्याच्या कारखान्यात काचा घासतो. बाबांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यामुळे घर बघायला गेलं की नवरा खिडक्यांच्या काचांना नाक लावून उभा राहायचा आणि बाबा खाली रस्त्यावर पाट्या वाचत फिरायचे. "इथे नको," एकदा त्यांनी गंभीरपणे सांगितलं. "पाच दुकानांची अक्षरं उतरती आहेत. इथल्या लोकांना घाई फार."

मी मिनिटं मोजायची. दोन वर्षांपूर्वी बाबांना हृदयाचा झटका आला. नवरा दुपारी जेवायला घरी आला तर ते दारातच पडलेले. त्याने फोन केला, ॲम्ब्युलन्स नऊ मिनिटांत आली आणि बाबा वाचले. नंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "या वेळी निभावलं. पुन्हा झालं तर अर्ध्या तासाच्या आत इथे आणा. त्यानंतर माझ्या हातात फारसं काही नसेल." तेव्हापासून माझी एकच अट होती. स्वयंपाकघर लहान असलं तरी चालेल, समोर भिंत असली तरी चालेल, पण गाडी वेळेत आली पाहिजे.

आणि गाडी कुठे किती वेळात येते, हे या शहरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, अशी माझी समजूत होती. मी बारा वर्षं ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. एका हॉलमध्ये आठ टेबलं, आठ हेडसेट, समोर भिंतीभर शहराचा नकाशा. फोन आला की पत्ता, मजला, त्रास काय, शुद्ध आहे का, एवढं विचारायचं आणि टाइप करायचं. नकाशावर लाल ठिपका उमटतो. गाड्या हलवणारे लोक शेजारच्या खोलीत बसतात. किती वेळ लागेल ते त्यांच्याकडून आमच्या पडद्यावर येतं आणि आम्ही ते फोनवरच्या माणसाला सांगतो. गाडी पोहोचली की 'पोहोचली' दाबायचं, ठिपका हिरवा होतो. फोन करणारा म्हणाला की नको, आम्हीच नेतो, तर 'रद्द' दाबायचं, ठिपका नाहीसा होतो. बारा वर्षांत मी एकदाही ॲम्ब्युलन्समध्ये बसलेली नाही.

घरं दाखवायला एक एजंट मिळाला होता. आम्ही त्याला हसऱ्या म्हणायचो, कारण गळकं छत दाखवतानाही त्याचे बत्तीस दात बाहेर असायचे. टेकडीवरच्या घराच्या बाल्कनीत उभा राहून तो म्हणाला, "मोठा दवाखाना इथून फक्त दहा मिनिटांवर, मॅडम."

"कशाने? उडत?" मी विचारलं. "या चढावर सकाळी शाळांच्या बस अडकतात. मागच्या महिन्यात या एका रस्त्यावरून सात फोन आले. सरासरी चौतीस मिनिटं."

हसऱ्या हसला. नवऱ्याने मान खाली घातली. चारचौघांत मी असं बोलले की त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

नदीकाठ एकेचाळीस मिनिटांनी गेला. नवा रस्ता सदतीसने गेला. तीन आठवड्यांत अकरा घरं झाली आणि बाराव्याच्या जिन्यात नवऱ्याचा पारा चढला. "तुला घर नकोच आहे," तो ओरडला. "तुला दवाखान्याच्या पायरीवर पथारी हवी आहे."

"हो, हवी आहे. उद्या बाबांना काही झालं तर तुमच्या काचा उपयोगी पडणार आहेत का?"

बाबा दोन पायऱ्या खाली दम खात उभे होते. ते म्हणाले, "माझ्या मरणाचं माप घेऊन घर शिवू नका रे. जरा सैल ठेवा."

मला त्यांचाही राग आला. मरणावर विनोद करणं त्यांना परवडत होतं. पलीकडून "श्वास घेत नाहीये हो" हे ऐकायला मी बसते, ते नाही बसत.

त्याच आठवड्यात मला तो भाग सापडला. आमच्याकडे दर महिन्याला साहेब एक तक्ता काढतात आणि चहाच्या मशीनशेजारी चिकटवतात. कोणत्या भागात किती गाड्या पोहोचल्या, सरासरी किती मिनिटांत. मी मागच्या सहा महिन्यांचे तक्ते घेऊन बसले आणि बोट फिरवत खाली खाली आले. कालव्यापलीकडची वसाहत. सहा महिन्यांत फक्त चार. सरासरी अकरा मिनिटं.

मी दोनदा वाचलं. अख्ख्या वसाहतीतून सहा महिन्यांत चार! म्हणजे लोक धडधाकट असणार, हवा चांगली असणार, आणि आजारी पडलंच कुणी तर गाडी अकरा मिनिटांत दारात. नकाशावर तो भाग नेहमी काळा, शांत दिसायचा. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी टेकड्या चढत बसले होते. घरी जाऊन मी तक्ता टेबलावर आपटला आणि नवऱ्याला म्हटलं, "हा घ्या तुमचा भाग. आता तोंड वाकडं करू नका."

दुसऱ्याच दिवशी हसऱ्याने त्याच्या बुटक्या गाडीतून आम्हाला कालव्यावरच्या पुलावरून तिकडे नेलं. दुसरा मजला, लिफ्ट, दोन खोल्या, समोर मोकळं मैदान. नवऱ्याने काचा तपासल्या आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही. हसऱ्या म्हणाला, "आणखी दोघं मागे लागलेत." बाराही घरांच्या वेळी तो हेच म्हणाला होता, आणि बाराही वेळा मी त्याला उडवून लावलं होतं. या वेळी मीच म्हटलं, "बयाणा आत्ता घ्या." नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

चार दिवसांनी मी बाबांना घेऊन पुन्हा गेले. पहिल्या वेळी त्यांना बरं वाटत नव्हतं म्हणून ते आले नव्हते. नवरा कामावर होता. किल्ली खालच्या किराणा दुकानात ठेवलीय, असं हसऱ्याने सांगितलं होतं. दुकान एक बाई चालवत होती, माझ्याच वयाची, केसांना पेन खोचलेली. ती आत किल्ली शोधायला गेली तेवढ्यात बाबा दाराशी ठेवलेल्या खुर्चीवर टेकले.

"आजोबा, उठा तिथून," ती आतूनच म्हणाली. "ती पेशंटची खुर्ची आहे."

बाबा उठले. मी नीट बघितलं. साधी प्लास्टिकची खुर्ची, पण दोन्ही हातांखाली लांब लोखंडी पाइप घट्ट बांधलेले, पाठीला पट्टा, पाय ठेवायला फळी. वर भिंतीवर एक कागद चिकटवलेला. 'खुर्ची – या आठवड्यात', आणि खाली चार नावं, कोणत्या इमारतीतला कितवा मजला ते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कुणाला जास्त झालं तर यात बसवून पुलापलीकडे नेतो. तिथेच टॅक्सी मिळते, इकडे यायला टॅक्सीवाले तयार नसतात. दर आठवड्याला चौघांची पाळी."

"पण ॲम्ब्युलन्स येते ना इथे?"

ती हसली. "इथे? पुलावर आडवा बार टाकलाय ना, ट्रक जाऊ नयेत म्हणून. त्याखालून त्यांची गाडी जात नाही. मागच्या रस्त्याने फिरून यायला तासाच्या वर जातो. आता बरेच जण फोनच करत नाहीत, करतात तेही शेवटी रद्द करतात. करून काय उपयोग?"

मला तिडीक आली. दुकानात बसून गावभरच्या बातम्या पसरवणाऱ्या बायका मला ठाऊक होत्या. माझ्याकडे तक्ता होता, छापील. मी म्हटलं, "हे बघा ताई, घाबरून जाऊ नका. मी काय सांगते ते शांतपणे ऐका. या भागात सरासरी अकरा मिनिटांत..."

तिच्या हातातली किल्ली हातातच राहिली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "तुम्ही फोनवरच्या बाई ना?" ती म्हणाली. "असंच म्हणाला होतात. 'घाबरून जाऊ नका, मी काय सांगते ते शांतपणे ऐका.' हाच आवाज."

मी मान हलवली.

"दीड वर्षं झालं. आमच्या ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. मी तीनदा फोन केला. दोनदा दुसरं कुणीतरी होतं, तिसऱ्यांदा तुम्ही. तुम्ही म्हणालात, 'अजून चाळीस मिनिटं लागतील. तुमची सोय होत असेल तर मी रद्द करते.' सोय म्हणालात. मी म्हटलं, करा." तिने किल्ली काउंटरवर ठेवली. "चादरीत घालून नेलं त्यांना. पुलावर चादर फाटली. तिथेच गेले. मग सगळ्यांनी मिळून ही खुर्ची केली."

मला तो फोन आठवत नव्हता. हे मी तिला सांगितलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असणार. ती चिडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मला उत्तर देता आलं असतं. तिने बाबांसाठी स्टूल काढलं आणि मला पाणी दिलं. मी ते पाणी प्यायले आणि माझीच मला किळस आली.

घर न बघताच आम्ही पुलापर्यंत चालत गेलो. पुलाच्या तोंडाशी दोन खांब आणि त्यांवर आडवा लोखंडी बार. हसऱ्याच्या गाडीतून मी दोनदा त्याखालून गेले होते आणि एकदाही मान वर केली नव्हती. त्यावर आकडा रंगवला होता, सव्वासात फूट. आमच्या गाड्या वरच्या दिव्यासकट आठ फुटांच्या वर आहेत. बाबा बराच वेळ वर बघत होते. "पिवळा रंग निदान तीनदा दिलाय," ते म्हणाले. "खरवडला गेला की पुन्हा. खूप गाड्यांनी घुसून बघितलंय."

दुसऱ्या दिवशी मी कामावर तासभर आधी गेले आणि कालव्यापलीकडचे रद्द झालेले फोन काढले. सहा महिन्यांत पोहोचल्या चार. त्या चारही वेळा गाडी दुसऱ्याच कामासाठी मागच्या बाजूला गेलेली होती, म्हणून अकरा मिनिटं. रद्द, एकसष्ट. त्यातल्या तेरा फोनांपुढे माझा ऑपरेटर नंबर होता. तक्त्यात रद्द धरत नाहीत. हे मला बारा वर्षं माहीत होतं. ज्या भागात गाड्या जात नाहीत तो भाग सुखी, असा अर्थ जगात फक्त फोन घेणारी बाईच काढू शकते, आणि मी तो काढून वर बयाणाही देऊन आले होते.

मी यादी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"रद्द म्हणजे रद्द," ते म्हणाले. "पेशंटने स्वतः नको म्हटलंय."

"नको म्हटलं नाही, साहेब. आपण म्हणायला लावलं."

"बार रस्तेवाल्यांनी टाकलाय. तो आपला विषय नाही."

"मग रस्तेवाल्यांना कळवा. एकसष्ट फोन झालेत असं कळवा."

"आणि तक्ता? त्या भागाचे आकडे वर गेले की मला विचारतील, इतके दिवस काय करत होतात." त्यांनी यादी माझ्याकडे सरकवली आणि चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही तिकडे घर घेताय असं ऐकलं. म्हणून एवढी कळकळ का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांच्या अंगावर ओतावा असं वाटलं. ओतला नाही, कारण ते खरं बोलले होते. तेरा माणसांना मी रद्द करून टाकलं, तेव्हा मला राग आला नव्हता. माझ्या दारात गाडी येणार नाही म्हटल्यावर आला.

घरी गेल्या गेल्या मी सांगून टाकलं, "ते घर रद्द." तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

नवरा ताटावरून उठला. "बयाणा तू दिलास. तक्ता तू आपटलास. बारा घरं तू नाकारलीस. घर सोडायला सोळा दिवस राहिलेत. आता बाबांना घेऊन काय पुलाखाली राहू?"

"चुकलं माझं! किती वेळा म्हणू? पण तिथे गाडी येत नाही. जी गोष्ट हवी तीच नाही तिथे."

"मग नऊ मिनिटांत गाडी येईल असं घर आपल्या ऐपतीत आहे का? या घराचं भाडं देतानाच नाकी नऊ येतात."

"तिथेच घ्या," बाबा म्हणाले.

आम्ही दोघंही त्यांच्यावर खेकसलो. त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "मला बोलू द्या एकदा. त्या दिवशी गाडी नऊ मिनिटांत आली, नऊ मिनिटांत आली, असं दोन वर्षं ऐकतोय. हा आला आणि याने फोन केला, तिथून नऊ. मी त्याच्याआधी चाळीस मिनिटं दारात पडलो होतो. फोन आत राहिला होता. कसाबसा कडी काढून अर्धा बाहेर आलो, तिथून पुढे सरकता येईना. समोरच्या बाईने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि लावून घेतलं. वरचे दोघं जिन्यातून उतरले. एकाने मला ओलांडलं."

नवरा उभाच होता. "हे कधी सांगितलं नाहीत तुम्ही," तो म्हणाला.

"काय सांगायचं? रोज जिन्यात भेटतात ते लोक. तुम्ही भांडायला गेला असतात." मग ते माझ्याकडे वळले. "तुझ्या तक्त्यात ती चाळीस मिनिटं कुठे धरतात?"

कुठेच धरत नाहीत. मी उठले आणि समोरच्या बाईच्या दारावर लाथ मारायला निघाले. नवऱ्याने दंड धरून मला मागे ओढलं. राग त्यालाही माझ्याइतकाच आला होता. शेवटी आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभे राहिलो, आणि त्याने विचारलं, "किती वेळ लागतो त्या खुर्चीला?"

मी मोजलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला एखाद्या भागाचं उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन दुकानवाल्या बाईला विचारलं. तिने हिशोब न करता सांगितलं, "हाक मारल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत पंचवीस मिनिटं. टॅक्सीवाला शहाणा असला तर बावीस."

आम्ही ते घर घेतलं. मला आनंद वगैरे काही झाला नाही. माणसांनी माणसाला उचलून नेणं चांगलंच आहे, पण ते चांगलं आहे म्हणून सव्वासात फुटांचा बार तिथे राहावा, असं थोडंच आहे? सामान लावून झालं त्या रविवारी नवऱ्याने पाळीच्या कागदावर स्वतःचं नाव लिहिलं. बाबांनी तो कागद फाडून टाकला आणि त्या जागी लाकडी पाटी रंगवून लावली, अक्षरं अशी की रस्त्याच्या पलीकडून वाचता यावीत. मीही नाव द्यायला गेले. दुकानवाली म्हणाली, "उचलायला माणसं आहेत आमच्याकडे. तुम्ही फोनवर काय करता ते बघा."

मी बघितलं. मी सगळ्या इमारतींत जिने चढून गेले आणि दारोदार एकच गोष्ट सांगितली. खुर्ची निघाली की एकाने फोन करायचाच. पत्ता सांगायचा, त्रास सांगायचा, आणि समोरून काहीही विचारलं तरी 'रद्द करा' म्हणायचं नाही. लोकांना ते वेडेपणाचं वाटलं. "त्याने काय होणार?" प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी विचारायचं. मला तरी कुठे माहीत होतं?

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी माझ्या टेबलावर फोन आला.

"बाई, तुम्हीच का?" दुकानवालीचा आवाज होता. ती पळत असावी. "खुर्ची निघाली. तुमचे बाबा आहेत."

माझी बोटं नेहमीसारखी चालू झाली. पत्ता. मजला. "शुद्धीवर आहेत?"

"आहेत. घाम फुटलाय, पण पाइप नीट धरा म्हणून चौघांना ओरडतायत. टॅक्सी पलीकडे थांबवलीय. पुलावर आलो आता."

शेजारच्या खोलीतून पडद्यावर ओळ आली. सत्तर मिनिटं, गाडी सोडलेली नाही. रद्द? मी ती वाचली आणि हात मांडीखाली दाबून बसले. फोनवर पावलांचे आवाज, कुणीतरी "डावीकडे, डावीकडे" म्हणत होतं, मग टॅक्सीचं दार. फोन बंद झाला. नवऱ्याला मी निरोप धाडला. पुढचा फोन घेतला, त्यापुढचा घेतला. अकरा एकोणतीसला दुकानवालीने माझ्या मोबाइलवर फोन केला. "आत घेतलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. तुमचे मिस्टर पोहोचतायत. आता रद्द करायचं तर करा."

"नाही," मी म्हटलं.

लाल ठिपका तसाच ठेवला. एक तास झाला की असा उघडा फोन आपोआप वरच्या ऑफिसच्या पडद्यावर जातो आणि तिथून साहेबांच्या टेबलावर घंटा वाजते. बारा वाजून सात मिनिटांनी ती वाजली. साहेब माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"पेशंट पोहोचला ना?"

"पोहोचला."

"मग बंद करा."

"पेशंट पोहोचला, साहेब. गाडी पोहोचली नाही. ते कुठे दाबू?"

त्यांनी बटणांकडे बघितलं. बटणं दोनच होती. सात टेबलांवरचे सात जण फोनवर बोलता बोलता आमच्याकडे बघायला लागले. साहेबांनी आवाज खाली आणला. "अहो, तुमच्या घरचा माणूस आहे. तुम्ही दवाखान्यात जा. मी बघतो इथलं."

"मी उठले की तुम्ही रद्द दाबाल."

ते नाही म्हणाले नाहीत. मला बाबांकडे जायचं होतं. अंगातला प्रत्येक सांधा दाराकडे ओढत होता, आणि ते आत नळ्या लावून पडले असतील आणि दाराकडे बघत असतील, हे मला इथून दिसत होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते रागाचं आहे की कशाचं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही सांगता येत नाही. मी टेबलाची कड धरून बसून राहिले. घंटा दर दहा मिनिटांनी वाजत राहिली. सव्वाला वरून साहेबांनाच फोन आला. "हो सर, एक उघडा आहे... कालव्यापलीकडचा... कारण लेखी देतो, सर." त्यांनी फोन ठेवला, स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले आणि खिशातून पेन काढलं.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं. आवाजात चीड होती आणि मला तिची पर्वा नव्हती.

"पुलावर आडवा लोखंडी बार, उंची सव्वासात फूट," मी म्हटलं. "गाडी पोहोचू शकत नाही. असे मागच्या सहा महिन्यांत आणखी एकसष्ट. यादी सोबत जोडली आहे."

यादी तेव्हापासून माझ्या पिशवीतच होती. मी ती त्यांच्यासमोर ठेवली. ते एकेक ओळ वाचत होते आणि माझा नंबर आला की थांबून माझ्याकडे बघत होते. तेराही वेळा मी मान हलवली. त्यांनी शेवटी सही केली, वेळ घातली आणि कागद माझ्या समोर वरच्या ऑफिसच्या ट्रेमध्ये टाकला. दोन वाजायला पाच मिनिटं होती. मी हेडसेट काढला आणि दवाखान्याकडे धावत सुटले.